भीती एकीकडे, आजार दुसरीकडे

पोटाची तक्रार घेऊन आलेला माणूस 'पोट दुखतंय' एवढ्यावर सहसा थांबत नाही. कुणाला कळ येते, कुणाला मुरडा, कुणाचं पोट डब्ब होतं, कुणाला करपट ढेकरा येतात. गॅस तर कुणाच्या डोक्यात चढतो, कुणाच्या पाठीत धरतो आणि कुणाच्या गुडघ्यापर्यंत उतरतो. सकाळची मळमळ, अर्धशिशी, अंगावर उठलेल्या गांधी आणि सासऱ्यांचा चिडका स्वभाव, हे सगळं पित्ताच्या खात्यावर जमा होतं. जिल्ह्याच्या गावात पोटविकारांचा दवाखाना चालवायचा तर ही बोली यावी लागते. वैद्यकीय महाविद्यालयात ती कुणी शिकवत नाही, पेशंटच शिकवतात. मात्र अलीकडे या तक्रारींच्या शेवटी एक प्रश्न हमखास असतो. तपासून झालं, चिठ्ठी लिहून झाली, माणूस उठून दारापर्यंत गेला, की वळून विचारतो, "डॉक्टर, कॅन्सरबिन्सर तर नाही ना?"

हे पुस्तक त्या दारातल्या प्रश्नासाठी लिहिलेलं आहे. लेखिका पॅथॉलॉजिस्ट आहेत. दुर्बिणीतून काढलेले तुकडे मी बाटलीत घालून त्यांच्याकडे पाठवतो आणि त्या ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून काय आहे ते कळवतात. इतक्या वर्षांत आमचं बोलणं बहुतेक फोनवर आणि बहुतेक तुकड्यांविषयीच झालं. त्यांनी प्रस्तावना मागितल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. शिवाय मला स्वतःला एक गोष्ट बरीच वर्षं सांगायची होती, ती या निमित्ताने सांगून घेतो.

ती अशी, की जठराच्या कॅन्सरची ज्यांना भीती वाटते ती माणसं वेगळी आणि ज्यांना तो होतो ती वेगळी. दोघं एकाच बाकावर शेजारी बसलेले असतात. एक असतो तिशीतला, पुण्यात नोकरी करणारा. दोन वर्षांपासून बेंबीच्या वर दुखतं. नोकरीतलं वार्षिक मूल्यमापन जवळ आलं की वाढतं, गणपतीत गावी आला की थांबतं. हातात जाड फाइल, तीत तीन सोनोग्राफ्या आणि दोन वेगळ्या शहरांत झालेली दुर्बिणीची तपासणी. सगळं नॉर्मल. वजन उलट चार किलोंनी वाढलेलं. रात्री झोप लागत नाही, मग मोबाइलवर वाचन, आणि वाचनानंतर उरलीसुरली झोपही जाते.

शेजारी बसलेले असतात साठीकडे झुकलेले शेतकरी. ते स्वतःहून आलेले नसतात, बायकोने आणलेले असतात. विचारलं तर म्हणतात, "दुखत तसं काही नाही हो. जेवण जात नाही एवढंच." अर्धी भाकरी खाल्ली की पोट भरल्यासारखं होतं. मटणाचा वास नको वाटतो, आणि हे बायको सांगते, कारण रविवारी मटण नको म्हणणारा नवरा तिने तीस वर्षांत पाहिलेला नसतो. तपासायला झोपवलं की पँटचा पट्टा दिसतो. कंपनीने पाडलेली भोकं संपल्यावर घरीच खिळा तापवून पाडलेली आणखी दोन. सहा-आठ महिने मेडिकलमधून पित्ताची गोळी चालू असते. तिने बरं वाटतं, म्हणून डॉक्टर लागत नाही. या काकांनी दारात वळून तो प्रश्न विचारलेला मला आठवत नाही.

असं का होतं, याचं उत्तर जठराच्या घडणीत आहे. जठर ही भरपूर जागा असलेली पिशवी आहे. जेवणानंतर एक-दीड लिटर ऐवज ती सहज सामावून घेते. तिच्या आतल्या अस्तराला कापल्याचं, टोचल्याचं समजत नाही. दुर्बिणीतून चिमट्याने तुकडा घेतो तेव्हा पेशंटला काहीच जाणवत नाही, ते यामुळेच. तिला कळतं ते ताण आणि दाब. त्यामुळे अन्ननलिकेच्या तोंडाशी किंवा पुढच्या अरुंद दाराशी नसलेली गाठ मधल्या प्रशस्त भागात बराच काळ गाजावाजा न करता वाढू शकते. याउलट ज्याच्या जठरात काहीही दिसत नाही, त्याच्या जठराच्या नसा ताणाला जास्त हळव्या असू शकतात, किंवा घास पोचल्यावर जठराचा वरचा भाग जसा सैल पडायला हवा तसा पडत नाही. मग दोन पोळ्यांनी पोट फुटल्यासारखं होतं. वरच्या पोटाच्या जुनाट तक्रारीसाठी दुर्बीण घातली तर बहुसंख्य लोकांत काही व्रण, गाठ असं सापडत नाही. या प्रकाराला डॉक्टर 'फंक्शनल डिस्पेप्सिया' म्हणतात आणि नातेवाईक 'मनाचे खेळ'. दुसरं नाव मला मान्य नाही. दुखणं खरं असतं. फक्त त्या दुखण्याच्या तीव्रतेवरून आतला आजार ओळखता येत नाही.

मनाचा आणि जठराचा संबंध हा काही आजचा शोध नाही. १८२२ साली उत्तर अमेरिकेतल्या मॅकिनॅक बेटावर अलेक्सी सेंट मार्टिन नावाच्या तरुणाच्या पोटात अगदी जवळून बंदूक उडाली. तो वाचला, पण जखम भरून येताना जठराला बाहेर उघडणारं भोक कायम राहिलं. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या भोकातून रेशमी दोऱ्याला बांधलेले मांसाचे तुकडे आत सोडले, ठरलेल्या वेळाने ओढून पाहिले, आतला रस काढून बाटलीत घेतला. असं काही वर्षं चाललं. सेंट मार्टिनला या सगळ्याचा उबग यायचा आणि तो अधूनमधून पळूनही जायचा, ते स्वाभाविकच म्हणायचं. तो चिडला की पचन बिघडतं हे बोमाँट यांच्या नजरेतून सुटलं नाही. १८३३ साली त्यांचं पुस्तक निघालं आणि जठर काम कसं करतं हे जगाला पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिल्यासारखं कळलं.

आपल्याकडच्या वैद्यांना असं भोक मिळालं नव्हतं, पण ते ऐकून घ्यायचे. माधवनिदानात पोटशुळाच्या प्रकरणात अन्न पचत असताना उठणारा परिणामशूल वेगळा काढला आहे आणि जेवणाच्या वेळेशी कशाचाच मेळ नसलेला अन्नद्रवशूल वेगळा. दुखणं कुठे आहे यापेक्षा ते कधी उठतं हे विचारावं, ही त्यातली रीत आजही दवाखान्यात उपयोगी पडते. लेखिकेने या ग्रंथावर चार पानं लिहिली आहेत. ती आणखी असती तरी चाललं असतं.

आता जंतूची गोष्ट. या पुस्तकाचा मधला मोठा भाग तिनेच व्यापला आहे आणि ते योग्यच आहे. विसाव्या शतकात बराच काळ अशी समजूत होती की जठरात एवढं आम्ल असताना तिथे जंतू जगूच शकत नाही. अल्सर होतो तो काळजीने, तिखटाने, धावपळीने. माझ्या आधीच्या पिढीतल्या सर्जनांनी अल्सरसाठी जठराच्या नसा कापण्याची ऑपरेशनं भरपूर केली. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन हे पॅथॉलॉजिस्ट मात्र जठराच्या तुकड्यांत नागमोडी जंतू पुन्हा पुन्हा पाहत होते. बॅरी मार्शल हा तरुण डॉक्टर त्यांच्यासोबत आला. जंतू बशीत वाढवायचे त्यांचे प्रयत्न फसत होते, कारण दोन दिवसांत काही उगवलं नाही की प्रयोगशाळा बशा फेकून द्यायची. १९८२ च्या ईस्टरला लांब सुट्टी आली, बशा तशाच राहिल्या आणि त्या दिवसांत जंतू उगवले. या जंतूला सावकाश वाढायची सवय होती, एवढंच.

तरी जठराच्या आजारामागे हा जंतू आहे यावर कुणी विश्वास ठेवेना. १९८४ साली मार्शल यांनी जंतूंनी भरलेलं पाणी स्वतःच प्यायलं. काही दिवसांत मळमळ, उलट्या सुरू झाल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला आणि दुर्बिणीने पाहिलं तर आधी निरोगी असलेलं जठर सुजलेलं होतं. या धाडसाचं मला कौतुक आहे, शिफारस मात्र नाही. २००५ साली वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं. हेलिकोबॅक्टर पायलोरी हे त्या जंतूचं आजचं नाव. नोबेलच्या आधीच, १९९४ साली, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जंतूला माणसात कॅन्सर घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात बसवलं होतं, म्हणजे तंबाखूच्या धुराच्या पंगतीत.

इथे वाचकाच्या पोटात गोळा येण्याची शक्यता आहे, म्हणून लगेच दुसरी बाजू. भारतातल्या निम्म्याहून जास्त प्रौढांच्या जठरात हा जंतू आहे. बहुतेकांना तो लहानपणीच, घरातूनच मिळालेला असतो. त्यांतल्या बहुतेकांना जन्मभर काहीही त्रास होत नाही. काहींना अल्सर होतो. कॅन्सर होतो तो शंभरात एक ते तीन जणांना. तोही एका रात्रीत होत नाही. पेलायो कोरिया या कोलंबियन पॅथॉलॉजिस्टने १९७५ साली मांडलेली पायऱ्यांची उतरंड या पुस्तकात चित्रांसह दिली आहे. आधी जुनाट सूज, मग अस्तर झिजून पातळ होणं, मग जठराच्या अस्तराने आतड्याच्या अस्तराचं रूप घेणं, मग पेशींचा आकार बिघडणं आणि अखेर कॅन्सर. एकेक पायरी उतरायला वर्षं लागतात, आणि बहुतेक माणसं वरच्याच पायऱ्यांवर आयुष्य काढतात. तुमच्या रिपोर्टवर 'क्रॉनिक गॅस्ट्रायटिस' असं लिहिलं असेल तर तुम्ही पहिल्या पायरीवर आहात आणि तुमच्याबरोबर तिथे अर्धं गाव आहे.

कोरिया यांनी आपल्याच देशात आणखी एक गोष्ट दाखवली. नारिन्यो प्रांतात डोंगरातल्या लोकांना जठराचा कॅन्सर खूप होतो, समुद्रकाठच्या लोकांना कमी. जंतू दोन्हीकडे सारखाच पसरलेला. म्हणजे एकट्या जंतूवर खापर फोडून भागत नाही. भारतातही असंच आहे. मिझोराममध्ये या कॅन्सरचं प्रमाण देशात सर्वांत वरच्या ओळीत, दक्षिणेत चेन्नईच्या बाजूला बऱ्यापैकी, आणि महाराष्ट्र-गुजरातेत कमी. मिझोराममधल्या अभ्यासांत धुरावर वाळवलेलं मांस, आंबवलेली डुकराची चरबी आणि तंबाखूचा धूर पाण्यात धरून केलेलं 'तुईबूर' यांच्याशी संबंध दिसला. जंतूच्या वेगवेगळ्या जाती, मीठ, ताज्या भाज्या-फळांचं प्रमाण, आणि माणसाचं स्वतःचं शरीर त्या जंतूला कसं उत्तर देतं, या सगळ्याचा मिळून तो हिशोब आहे.

मग आमच्या कोकणातल्या खाऱ्या सुक्या मासळीचं काय, लोणच्याचं काय, पापडाचं काय, हे प्रश्न व्याख्यानानंतर येतातच. जपानमधल्या पाहण्यांवरून एवढं म्हणता येतं की रोज भरपूर खारवलेलं खाण्याने धोका वाढतो. पावसाळ्यात जवळ्याची चटणी खाल्ल्याने नाही. ठेचा आणि मिरची यांच्यावर तर मी कॅन्सरच्या बाबतीत काहीच आरोप ठेवत नाही. जळजळ होत असेल तर खाऊ नका, पण जळजळ म्हणजे जखम नव्हे. विडी-सिगारेटीचा आणि जठराच्या कॅन्सरचा संबंध मात्र पक्का आहे. तंबाखू चघळणाऱ्यांनी यातून सुटल्यासारखं वाटून घेऊ नये, त्यांच्यासाठी तोंड आणि अन्ननलिका आहेत.

या आजाराच्या इतिहासात एक भाग मला फार आवडतो, कारण त्यात डॉक्टरांचं काहीच कर्तृत्व नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेत कॅन्सरने मरणाऱ्या पुरुषांमध्ये जठराचा कॅन्सर सगळ्यांत पुढे होता. पुढच्या काही दशकांत तो झपाट्याने खाली गेला, आणि तेव्हा जंतूही माहीत नव्हता आणि औषधही. घराघरांत फ्रीज आला, मांस खारवून-धुरावून टिकवायची गरज उरली नाही, बाराही महिने ताजी भाजी मिळू लागली, घरं मोठी झाली, पाणी स्वच्छ झालं आणि मुलांना जंतू कमी मिळू लागले. जगात मात्र अजून हा आजार मोठा आहे. २०२२ सालच्या अंदाजानुसार वर्षाला साडेनऊ लाखांहून जास्त नवे रुग्ण आणि साडेसहा लाखांच्या आसपास मृत्यू. भारताचा वाटा साठ हजारांच्या पुढे.

जपान आणि दक्षिण कोरिया यांनी वेगळी वाट धरली. तिथे हा आजार इतका की लक्षणांची वाटच पाहायची नाही असं ठरलं. जपानने १९६० च्या दशकात बेरियम पाजून गावोगाव एक्स-रे काढायला सुरुवात केली. कोरियात चाळिशी ओलांडलेल्यांना दर दोन वर्षांनी तपासणीची सरकारी योजना आहे. अशा तपासणीत गाठ अस्तरापुरतीच असताना सापडते, कित्येकदा दुर्बिणीतूनच खरवडून काढता येते आणि अशांपैकी शंभरातले नव्वदहून अधिक लोक पाच वर्षांनंतर जिवंत असतात. आपल्याकडे असं का करत नाहीत, असं लोक तावातावाने विचारतात. महाराष्ट्रात हा कॅन्सर तुलनेने कमी आहे. सगळ्या चाळिशीवाल्यांना दुर्बीण घालायची म्हटली तर हजारो माणसांचा दिवस, पैसा आणि झोप घालवून हाती फारसं लागणार नाही. ज्या काकांना खरंच गरज आहे त्यांचा नंबर त्या रांगेत आणखी मागे जाईल. आपल्यासाठी उपाय आहे तो खुणा ओळखण्याचा.

त्या खुणांचं प्रकरण पुस्तकात नववं आहे. घाईत असाल तर तिथूनच वाचा. मी त्यातलं थोडं माझ्या शब्दांत सांगतो. चाळीस-पंचेचाळिशीनंतर आयुष्यात पहिल्यांदाच सुरू झालेली पोटाची तक्रार ही विशीतल्या तक्रारीपेक्षा वेगळी धरायची. वीस वर्षं त्याच पद्धतीने दुखणाऱ्या पोटाने अचानक चाल बदलली तरी तसंच. प्रयत्न न करता वजन उतरणं, अन्नावरची वासना उडणं, घास छातीत अडकणं, कालचं जेवण आज उलटून पडणं, यांतलं काहीही असेल तर गोळ्या बदलत बसू नये. शौच डांबरासारखी काळी, चिकट आणि नेहमीपेक्षा वेगळ्याच घाण वासाची झाली तर आत कुठेतरी रक्त जातं आहे. लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ती चिकट नसते आणि तो वासही नसतो. पुरुषाचं हिमोग्लोबिन कारण नसताना उतरलं तर त्याला रक्तवाढीचं टॉनिक देऊन घरी पाठवणं हा मला गुन्हा वाटतो. पाळी थांबलेल्या बाईच्या बाबतीतही तेच. पण बाईचं रक्त कमी असणं हे आपल्याकडे इतकं गृहीत धरलेलं आहे की कुणी कारण शोधत नाही, आणि तिचं ताट अर्धं राहिलं तर घरात ते दिसतही नाही, कारण ती सगळ्यांच्या मागून जेवते.

या खुणा आणि दवाखाना यांच्या मधोमध मेडिकलचं दुकान उभं आहे. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल ही औषधं उत्तम आहेत, मी रोज लिहितो. पण त्यांनी आम्ल कमी झालं की कॅन्सरने झालेला व्रणसुद्धा वरवर भरू लागतो आणि दुखणं थांबतं. गोळीने बरं वाटलं म्हणजे साधंच असणार, हा तर्क इथे फसतो. तरुण माणसाने दोन-चार आठवडे गोळी घेऊन पाहायला हरकत नाही. साठीतल्या माणसाने चिठ्ठीशिवाय चौथी स्ट्रिप विकत घेतली तर दुकानदाराने पैसे घेण्याआधी एक प्रश्न विचारावा, एवढी माझी अपेक्षा आहे. त्याच दुकानातून सांधेदुखीसाठी डायक्लोफिनॅक घेऊन वर पित्ताची गोळी घेणाऱ्यांचा पंथ वेगळाच. त्यांच्या जठरात व्रण त्या पहिल्या गोळीने पडलेला असतो. आणि रॅनिटिडीनविषयी: त्यात कॅन्सरशी संबंध जोडली गेलेली एनडीएमए नावाची अशुद्धी सापडल्याने २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला लावलं आणि २०२२ मध्ये आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून ते गेलं. पूर्वी घेतलेल्या पट्ट्या आठवून रात्री जागण्याचं मात्र कारण नाही. ते घेणाऱ्यांना त्यामुळे जठराचा कॅन्सर झाला असं सिद्ध झालेलं नाही.

एक गोष्ट कॅन्सरची नाही, पण इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. पन्नाशीच्या माणसाला वरच्या पोटात अचानक दाटून आलं, घाम फुटला, तर सोडा आणि ओवा नंतर. आधी ईसीजी. गॅस म्हणून घालवलेल्या दोन तासांनी आपल्याकडे जितकी माणसं मारली तितकी जठराच्या कॅन्सरने मारली नसतील.

दुर्बिणीची धास्तीही फार. सहा-आठ तास उपाशी यायचं, घशात कडवट फवारा मारतात, घसा लाकडासारखा होतो, डाव्या कुशीवर झोपवून दातांत प्लास्टिकचं कडं देतात. करंगळीएवढी नळी आत जाते. ओकारी येते, डोळ्यांत पाणी येतं, सात-आठ मिनिटांत संपतं. निरोगी जठर आतून गुलाबी, ओलसर आणि चकचकीत असतं. हवा भरली की घड्या उलगडतात आणि टोकाला ते पुढचं दार उघड-मीट करताना दिसतं. कॅन्सरचा व्रण बहुतेकदा मळकट तळाचा आणि उचललेल्या, गाठीगाठीच्या कडांचा असतो. हात लावताच रक्त येतं. पण डोळ्यांवर विसंबायचं नसतं. साध्या दिसणाऱ्या व्रणाच्याही कडेने सहा-आठ तुकडे घ्यायचे आणि उपचारानंतर दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण पुन्हा घालून तो भरला का ते पाहायचं. ही दुसरी फेरी पेशंटला खर्चिक वाटते आणि तो टाळतो. टाळू नये.

तुकड्यांचं पुढे काय होतं, हे लेखिकेने स्वतः लिहिलं आहे आणि ते प्रकरण मला सगळ्यांत आवडलं. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा मेणात कसा बसवतात, केसाहून पातळ काप कसे काढतात, रंग दिल्यावर नागमोडी जंतू कुठे दडलेला दिसतो, हे वाचताना रिपोर्टला चार-पाच दिवस का लागतात ते समजतं. 'इंटेस्टायनल मेटाप्लेझिया' हे शब्द वाचून रडत आलेली माणसं मी पाहिली आहेत. ते शब्द कॅन्सर सांगत नाहीत. मधली पायरी सांगतात. बहुतेकांना जंतूवर उपचार आणि काहींना ठरावीक काळाने दुर्बीण, एवढंच लागतं.

"वडिलांना होता, मला होईल का?" या प्रश्नाला नेपोलियनचा दाखला फिट बसतो. त्याचे वडील १७८५ साली जठराच्या विकाराने, चाळिशीही न गाठता गेले. सेंट हेलेनावर पोट दुखू लागल्यावर नेपोलियनला तीच धास्ती होती. आपल्या मागे जठर तपासून मुलाला सावध करा, असं त्याने डॉक्टरांना सांगितल्याची नोंद आहे. १८२१ साली तो वारला, शवविच्छेदनात जठरात मोठा कॅन्सरसदृश व्रण निघाला. वाचून वाटतं, घराण्याचाच रोग. पण एका घरात जनुकं जशी वाटली जातात तसा जंतू, जेवण आणि मीठही वाटलं जातं, आणि आजच्या अभ्यासकांचा कल नेपोलियनच्या बाबतीत जंतूकडेच आहे. जवळच्या रक्ताच्या नात्यात हा कॅन्सर असेल तर धोका दोन-तीन पट होतो. आपल्याकडे मूळ धोका कमी असल्याने त्याची तिप्पटही फार मोठी नसते. अशा लोकांत जंतू मारला तर कॅन्सर निम्म्याहून कमी होतो, हे २०२० साली कोरियातल्या अभ्यासाने दाखवलं. खरोखर जनुकातून उतरणारा प्रकार फार थोड्या घराण्यांत असतो. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या तरुण माणसं याच आजाराने जात होती. त्या कुटुंबानेच पुढाकार घेऊन संशोधकांना गाठलं आणि १९९८ साली पॅरी गिलफर्ड यांच्या गटाने सीडीएच१ या जनुकातला दोष शोधून काढला. ज्यांच्यात तो सापडला त्यांतल्या अनेकांनी आजार होण्याआधीच जठर काढून घेतलं.

जठर काढल्यावर माणूस जगतो का, हे लोकांना खरं वाटत नाही. १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी एका बाईच्या जठराचा कॅन्सरग्रस्त भाग काढून उरलेला जोडला. ती बाई चार महिने जगली, पण ऑपरेशनमधून उठून बसली. आज आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमोथेरपी असा क्रम बऱ्याच जणांत असतो. अख्खं जठर काढलेली माणसं दिवसातून सहा-सात वेळा थोडंथोडं खातात, बी१२ चं इंजेक्शन घेतात आणि शेतात जातात.

एका बाबतीत लेखिकेचं आणि माझं जमत नाही, ते सांगतो. अपचनाची तक्रार असलेल्या प्रत्येक प्रौढाची जंतूसाठी तपासणी करावी आणि सापडला तर मारावा, असा त्यांचा आग्रह आहे. बाहेरच्या मार्गदर्शक सूचनाही त्यांच्याच बाजूने आहेत. माझं म्हणणं असं, की निम्म्याहून अधिक गावाला जंतू आहे. चौदा दिवस दोन-तीन अँटिबायोटिक एकत्र घ्यायची, तोंड कडू पडतं म्हणून सहाव्या दिवशी सोडायची, मग क्लॅरिथ्रोमायसिनला दाद न देणारा जंतू उरायचा, हे मी फार पाहतो. अल्सर असलेले, घरात कॅन्सर झालेले, अस्तर झिजलेले, यांचा जंतू मी हटकून मारतो आणि नंतर श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने तो गेल्याची खात्रीही करून घेतो. बाकीच्यांत जरा दमाने घ्यावं असं मला वाटतं. यावर आमची फोनवर बरीच हुज्जत झाली. त्या म्हणाल्या, "तुम्ही दुर्बिणीतून आजचं जठर पाहता, मी काचपट्टीवर वीस वर्षांनंतरचं पाहते." बाराव्या प्रकरणाच्या शेवटी त्यांनी माझे आक्षेप एकेक घेऊन खोडले आहेत. त्यातला चौदा दिवस गोळ्या पुऱ्या कशा करून घ्याव्यात, हा भाग मी छापून दवाखान्यात लावला आहे. उरलेल्या दोन मुद्द्यांवर मी अजून हटलेलो नाही.